एस्प्लेनेड मॅन्शन म्हणजेच जुनं वॉटसन हॉटेल का? बाबा तिथे तिसऱ्या मजल्यावर टायपिस्ट होते

शिक्क्याची_शाई

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात बाबांचं कपाट आवरायला घेतलं. खालच्या खणात एक खाकी पाकीट होतं. आत वकीलपत्राचे कोरे कागद, वापरून भोकं पडलेले चार कार्बन पेपर आणि एक रबरी शिक्का. शिक्क्यावर वकिलांचं नाव आता वाचता येत नाही, पण खाली स्पष्ट आहे: तिसरा मजला, एस्प्लेनेड मॅन्शन, महात्मा गांधी रोड.

बाबा १९७१ ते १९९४ तिथे एका वकिलांकडे टायपिस्ट होते. आम्ही डोंबिवलीला राहायचो. मला त्यांनी तिथे एकदाच नेलं, मी सातवीत असताना, मे महिन्याच्या सुट्टीत. आठवतं ते एवढंच: रुंद जिना, हाताला थंड लागणारे लोखंडी खांब, खूप उंच छत, आणि त्या उंच खोलीत निम्म्यावरच संपलेल्या प्लायवूडच्या भिंती. त्या भिंतींवरून शेजारपाजारच्या सगळ्या टाइपरायटरांचा आवाज आमच्या टेबलावर यायचा. जिना उतरताना मधल्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून बाबा म्हणाले होते, "इथे एके काळी गोरे लोक नाचायचे." मला वाटलं, मला रमवायला काहीतरी सांगतायत.

आता वाचते तर ते खरंच होतं. भारतात पहिल्यांदा सिनेमा दाखवला गेला ते हॉटेल हेच का? जमशेटजी टाटांना दारातून परत पाठवलं म्हणून त्यांनी ताज बांधलं, ते हेच का? आणि एवढं नावाजलेलं हॉटेल होतं तर बाबांच्या वेळेपर्यंत त्याची अशी दशा कशी झाली? इमारत पडायला आलीय असं भाचा म्हणतो. ती जाण्याआधी एकदा समोर जाऊन उभं राहायचं आहे. तिथे काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया लिहा.

---

गिरगावची_चाळ

हो, हेच ते. जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. त्याने बांधलेलं हे हॉटेल १८७१ च्या फेब्रुवारीत उघडलं. पाच मजले, १३० खोल्या आणि प्रवेश फक्त गोऱ्यांना. खानावळीत वाढायला इंग्रज मुली होत्या. गिऱ्हाइकं म्हणत, वॉटसनने विलायतेची हवा तेवढी सोबत आणायला हवी होती.

सिनेमाही इथलाच. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या माणसाने इथे चलच्चित्रं दाखवली, तिकीट एक रुपया. टाटांची गोष्ट तर मुंबईत प्रत्येकाला पाठ आहे. हाकललं त्याच संध्याकाळी त्यांनी ठरवलं की याहून मोठं हॉटेल उभं करायचं, आणि केलं.

---

बोर्डावर_नंबर

शिक्क्याची शाई ताई, तुमचा धागा वाचून रात्री झोप लागली नाही. मी १९८४ पासून २०१९ पर्यंत त्या इमारतीत वकिलांचा कारकून होतो. दुसऱ्या मजल्यावर. तुमच्या बाबांना कदाचित नावाने ओळखत नसेन, पण जिन्यात दहा वर्षं रोज समोरासमोर आलो असणार. बरंच लिहायचं आहे, दोन दिवस लागले लिहायला.

आधी टाटांच्या गोष्टीबद्दल. गिरगावच्या चाळीतल्या मित्राला दुखवायचं नाही, मीही ती पस्तीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आलो. पण आमचे साहेब पुरावा असल्याशिवाय एक ओळ लिहू द्यायचे नाहीत, आणि या गोष्टीला त्या काळातला कागद सापडत नाही. हॉटेलात हिंदी माणसाला प्रवेश नव्हता हे खरं आहे, तेवढा अपमान पुरेसा आहे. टाटांनी ताज बांधायला घेतलं ते १८९६ च्या प्लेगने मुंबईची रया गेली होती त्या दिवसांत, आणि शहराबद्दलची माया हेच कारण मला जास्त पटतं. एका दरवानावर चिडून कुणी बंदरावर एवढी वास्तू उभारत नाही.

त्या दरवाजाच्या आत काय चालायचं याची एक साक्ष मात्र आहे, आणि ती गोऱ्या माणसाचीच आहे. मार्क ट्वेन १८९६ च्या जानेवारीत मुंबईत आला तेव्हा वॉटसनमध्ये उतरला होता. खोकल्याने हैराण होता, खोलीतच पडून असायचा आणि सज्ज्यावर येणारे कावळे बघत बसायचा. त्याच्या प्रवासवर्णनात कावळ्यांवर पानंच्या पानं आहेत. पण त्याच्याच आगेमागे तो आणखी एक प्रसंग लिहितो. सामान लावताना एका जर्मन माणसाला नोकराचं काम पसंत पडलं नाही, तर काय चुकलं तेही न सांगता त्याने नोकराच्या थोबाडीत मारली. नोकर गुडघ्यावर बसला, निमूट काम करू लागला. ट्वेनला एकदम आपलं लहानपण आठवलं, गुलामांना असंच मारलं जायचं ते अमेरिकेतलं. पन्नास वर्षं मागे गेलो, असं तो म्हणतो. आमच्या साहेबांनी मला तो भाग मराठीत समजावून सांगितला होता. त्यानंतर कित्येक दिवस मी जिना चढताना त्या नोकराचा विचार करायचो. हॉटेलच्या वैभवाच्या गोष्टी सांगताना त्याला विसरू नये.

सिनेमाबद्दल तुम्ही विचारलंत. ल्युमिएरांचा माणूस मारियस सेस्तिए, तो ऑस्ट्रेलियाला निघाला होता, वाटेत मुंबईत थांबला. आगगाडी स्टेशनात येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, भिंत पाडतात, असली एकेका मिनिटाची चित्रं. पण हॉटेलात खेळ होता तोवर तो साहेबलोकांचाच. त्याच महिन्यात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, तिथे तिकीट चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत, पडदानशीन बायकांसाठी वेगळी सोय, आणि मग खरी मुंबई बघायला गेली. आपले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, त्यांनी पुढे विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती टिपली. सिनेमाचं मूळ शोधत लोक आमच्या जिन्यापाशी यायचे, फोटो काढायचे. मी त्यांना सावेदादांचं नाव सांगितल्याशिवाय सोडायचो नाही.

आता दशा कशी झाली ते.

१९०३ च्या डिसेंबरात ताज उघडलं. समुद्र समोर, विजेचे दिवे. वॉटसनचा माल जुना झाला. तुम्ही पूर्वेचं तोंड बघाल तर ते रस्त्याकडे आहे. पश्चिमेला ओव्हल मैदानापलीकडे पूर्वी समुद्र होता, हवा थेट यायची. पुढे भराव पडत गेला आणि समुद्रही लांब गेला. पाहुणे कमी झाले, मालक बदलले, हॉटेल मिटलं. मग ती महेंद्र मॅन्शन झाली, मग एस्प्लेनेड मॅन्शन. खोल्यांच्या खोल्या केल्या, त्या खोल्यांच्या कचेऱ्या. मागे सेशन्स कोर्ट, पाच मिनिटांवर हायकोर्ट. वकिलाला याहून मोक्याची जागा मुंबईत मिळणार कुठे? सकाळी दहाला कोर्टातला खटल्यांच्या नंबरांचा बोर्ड बघून यायचं, फाइली बांधायच्या, साहेबांचा कोट घ्यायचा, जिना उतरला की कोर्ट. पावसातसुद्धा छत्री उघडेपर्यंत पोचायचो.

लोक लिहितात की वकिलांनी आणि दुकानदारांनी हॉटेलची वाट लावली. हे मला मान्य नाही आणि म्हणूनच एवढं लिहितोय. हॉटेल मिटल्यावर ती इमारत कित्येक दशकं आमच्यामुळे जागती राहिली. रोज हजारभर पावलं त्या जिन्यावर पडायची. खाली झेरॉक्सवाले, स्टॅम्प व्हेंडर, चहावाला. विरार, कल्याण, पनवेलहून आलेले अशिल पहिल्यांदा कोर्टाच्या भीतीने थरथरत त्या जिन्यावर बसायचे. आम्ही त्यांना पाणी द्यायचो आणि सांगायचो, आज फक्त तारीख आहे, घाबरू नका. ज्या दारातून आत शिरायची मुभा आपल्या माणसाला नव्हती, त्या दारात आपली माणसं बसायची.

दुरुस्ती का झाली नाही, ते मात्र गुंतागुंतीचं आहे, पण कारकुनाला ते कळतं. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. त्याच्या पुऱ्या नावातच हॉटेल आणि लॉजिंग हाऊस हे शब्द आहेत. भाडं १९४० च्या पातळीवर बांधलं गेलं. युद्धानंतर घरांची टंचाई होती, तेव्हा त्याने हजारो कुटुंबं रस्त्यावर येण्यापासून वाचवली, हे विसरून चालणार नाही. पण पन्नास वर्षांनी ते भाडं इतकं झालं की त्यात आमच्या कचेरीचा महिन्याचा चहा भागला नसता. त्या पैशात मालक लोखंडी इमारतीचा एक सज्जाही दुरुस्त करू शकत नाही. भाडेकरूने स्वतःच्या खिशातून करावं, तर जागा त्याच्या नावावर नाही. उपकर भरतो म्हणून सरकारी दुरुस्तीची वाट बघायची, तर तिथेही खर्चाला मर्यादा, आणि १९९५ नंतर वारसा इमारत म्हणून हात लावायला वेगळी परवानगी. आमच्या खोलीत चार वर्षं गळत होतं. अर्ज घेऊन मी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलो. शेवटी साहेबांनी पत्र्याची पन्हाळ स्वतः बसवून घेतली आणि फाइली आतल्या भिंतीला हलवल्या. मधल्या चौकावरच्या काचा फुटत गेल्या, तिथे निळं प्लास्टिक आलं. तुमच्या बाबांनी बोट दाखवलं ती हीच नाचाची जागा. वर काचेचं छप्पर, जवळपास शंभर फूट लांब आणि तीस फूट रुंद. माझ्या वेळी तिथे मोडक्या खुर्च्या, केबलींचे गुंते आणि कबुतरं.

१ जुलै २००५. पश्चिमेकडच्या सज्ज्यांचा भाग कोसळला. एक माणूस गेला, सहा जखमी झाले, खाली लावलेल्या गाड्या चिरडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा रस्ता अडवलेला होता. ज्या ठिकाणी मी रोज उभं राहून सुपारी कातरायचो तिथे लोखंडाचा ढीग. महिनाभर मी त्या बाजूने चाललो नाही. त्याच सुमारास जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचं नाव गेल्याचं साहेबांनी वाचून दाखवलं. यादीत नाव आलं म्हणजे आता कुणीतरी येईल, असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. २०१८ च्या पावसाळ्यात पुन्हा सज्जाचा तुकडा पडला, खाली उभी टॅक्सी चेपली. २०१९ ला हायकोर्टाच्या आदेशाने इमारत रिकामी केली. मे महिना होता. एकशे चाळीस फाइली मी टेम्पोत घातल्या. साहेबांची पाटी काढायला गेलो तर स्क्रू गंजून लाकडात बसलेले, पाटी चिरली. ती चिरलेली पाटी माझ्याकडे आहे.

---

ओतीव_बीड

काका, तुमची पोस्ट आम्ही घरातल्या सगळ्यांनी मोठ्याने वाचली.

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. जुन्या इमारतींचं काम करतो. लोखंडाबद्दल थोडी भर घालतो, कारण ही इमारत इतकी महत्त्वाची आहे ती पाहुण्यांमुळे नाही, सांगाड्यामुळे आहे.

१८६० च्या दशकात फोर्टची तटबंदी पाडली आणि एस्प्लेनेडवर भूखंड मोकळे झाले. त्यातल्या एकावर वॉटसनने ही वास्तू उभी केली. तिचा सांगाडा इंग्लंडमध्ये डर्बीच्या फीनिक्स फाउंड्रीत ओतला, सुटे भाग जहाजाने आणले आणि इथे बोल्ट मारून जोडले. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनचं ते प्रचंड कमानी छप्पर आणि तिथलाच अल्बर्ट पूल, दोन्हींशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. आपल्याकडे त्या वेळी जाड दगडी भिंतींवर मजले चढवायची रीत होती. शेजारची डेव्हिड ससून लायब्ररी, विद्यापीठ, सेशन्स कोर्ट सगळं दगडी. या इमारतीत मात्र वजन खांब-तुळया घेतात आणि भिंत नुसती मधली जागा भरते. आजचा प्रत्येक टॉवर याच तत्त्वावर उभा आहे. म्हणून काकांच्या वेळी प्लायवूड लावून वाटेल तशा खोल्या पाडता आल्या. दगडी इमारत असती तर ते जमलं नसतं.

अडचण कुठे आहे? बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दाब छान सोसतं, ताण सोसत नाही. वाकायच्या ऐवजी तडकतं, आधी सूचना देत नाही. सज्जा हा इमारतीच्या बाहेर लोंबणारा भाग, तिथे ताणच जास्त. सांध्यांत पाणी शिरलं, गंज फुगला की तो बाजूच्या बीडाला फोडतो. मुंबईची खारी हवा आणि गळकी पन्हाळ, दोन्ही दीडशे वर्षं. वर प्रत्येकाने आपापलं बांधकाम चढवलं, मजल्यांवर फाइलींचं वजन आलं.

२०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडावी असं म्हटलं. वारसा जपणाऱ्या तज्ज्ञांनी दुरुस्ती शक्य आहे असं उलट म्हटलं. मी दुसऱ्या बाजूचा आहे. सुटे भाग जोडून उभी केलेली इमारत सुटी करूनही दुरुस्त करता येते. खराब खांब काढून त्याच मापाचा नवा ओतून बसवणं हे जगात अनेक ठिकाणी होतं. खर्च मोठा आहे हे नाकारत नाही. पण २०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हलभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा ठरवलं. अख्खा काळा घोडा परिसर त्याचा अभिमान बाळगतो आणि भारतातली सगळ्यात जुनी शिल्लक बिडाच्या सांगाड्याची इमारत तिथेच कुजते, हे मला रोज खुपतं. २०१७ मध्ये चौकात नवा घोडा बसवला, बिनस्वाराचा. १९६५ मध्ये तिथून हलवलेल्या, काळ्या घोड्यावर बसलेल्या इंग्रज राजाच्या पुतळ्याची आठवण आपण ठेवली. मग ही इमारत तर अजून जागेवर उभी आहे.

---

गिरगावची_चाळ

बोर्डावर नंबर, टाटांच्या गोष्टीबद्दल तुमचं म्हणणं पटलं. माझ्या आजोबांनी सांगितली होती म्हणून मी धरून बसलो होतो. यापुढे सांगताना "असं म्हणतात" हे आधी लावेन. त्या नोकराचा प्रसंग मात्र मला माहीत नव्हता. तो सांगेन.

---

शिक्क्याची_शाई

काका, तुम्हाला काका म्हटलेलं चालेल ना? तुमचं लिखाण आईला वाचून दाखवलं. "अशील जिन्यावर बसायचे" इथे ती म्हणाली, हे घरी सांगायचे हे. बाबा सांगायचे की एक म्हातारी बाई दर तारखेला चुलत्यांविरुद्धच्या दाव्यासाठी अलिबागहून यायची, बोटीने. ती जिन्यावर बसून बाबांना डब्यातले वालाचे बिरडे द्यायची. बाबांना बिरडे आवडायचे नाहीत आणि ते कधी नाही म्हणाले नाहीत.

इंजिनीअर साहेब, प्लायवूडचं कोडं सुटलं. भिंती छतापर्यंत का गेल्या नाहीत हे आता कळलं. वरून सगळ्यांना उजेड आणि वारा मिळावा म्हणूनच ना?

मला पुढच्या शनिवारी मुंबईला यायचं आहे. आत जाता येणार नाही हे समजलं. नुसतं कुठे उभं राहू, एवढं सांगाल का? शिक्का उन्हात धरून पुन्हा बघितला, खोलीचा आकडा पुसट आहे. पण आई म्हणते, बाबांच्या टेबलामागच्या खिडकीतून जहांगीर, म्हणजे जहांगीर आर्ट गॅलरी, दिसायचं.

---

बोर्डावर_नंबर

काकाच म्हणा, ताई.

जहांगीर दिसायचं म्हणजे रस्त्याकडची बाजू. त्या बाजूच्या तिसऱ्या मजल्यावर टायपिस्ट बसायचे, उजेड चांगला म्हणून. दुपारनंतर आमच्या बाजूला ऊन यायचं आणि रिबिनी सुकायच्या. तिकडच्यांचा आम्हाला हेवा वाटायचा.

शनिवारी सकाळी अकराच्या आत या, नंतर गर्दी होते. चर्चगेटहून ओव्हल ओलांडून येऊ नका, ती पश्चिमेची बाजू आहे, तिथून जवळ जायला मनाई आहे. व्हीटीकडून सरळ महात्मा गांधी रोड धरा. हुतात्मा चौक मागे टाका. उजव्या हाताला विद्यापीठ आणि एल्फिन्स्टन कॉलेज, मग डेव्हिड ससून लायब्ररी, तिच्या पुढची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग, आणि तिच्या पलीकडे ती. तिथे थांबू नका, रस्ता ओलांडून जहांगीरच्या फुटपाथवर या. इमारतीच्या सावलीत अजिबात उभ्या राहू नका.

तिकडून वर बघा. तळमजला मोजू नका, त्याच्यावर तिसरा. तिथे लोखंडी खांबांच्या मधे खिडक्यांची ओळ आहे. झाकलेलं असेल तर खांब दिसतील, खांब लपत नाहीत. त्या ओळीत कुठेतरी तुमच्या बाबांचं टेबल होतं.

शिक्का सोबत आणा. मी तिथे असेन, हातात चिरलेली पाटी घेऊन.